गळ्यातला नवा कॅमेरा

६ नोव्हेंबर
कॅमेरा मेला! मानपाड्याच्या हळदीत, ऐन नवरीला हळद लावताना शटर अडकलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी दात काढतेय – दुसरं काय करणार? मोबाइलवर काढले फोटो. लाज गेली पार. तेवीसला कल्याणचं लग्न घेतलंय, ते कशाने काढू?

७ नोव्हेंबर
राजरत्न दादा येतोय! मस्कतहून, तीन वर्षांनी, महिन्याच्या रजेवर. लगेच कॅमेऱ्याचे पैसे पाठवले, तिथे स्वस्त पडतो. वर बजावलं – खोका फेकून दे, स्टिकर काढ, गळ्यात अडकव. कस्टमवाल्याने विचारलं तर म्हण, माझाच आहे, जुना आहे. सगळे फोटोवाले असंच आणतात. तो नुसतं "हं" म्हणाला.

१४ नोव्हेंबर
बेचाळीस हजार!! आई शप्पथ, बेचाळीस हजार ड्युटी!

दादाचा विमानतळावरून फोन. खोका फेकलेला, गळ्यातही अडकवलेला. साहेबाने विचारलं, "कोणाचा कॅमेरा?" तर आमचा हरिश्चंद्र म्हणतो, "बहिणीचा. नवाच आहे, परवा घेतला." वर खिशातून बिल काढून दाखवलं! मागितलं कोणी होतं?

मी काय वाट्टेल ते बोलले त्याला. लेन्ससाठी जमवलेले होते, ते सगळे पाठवले.

१५ नोव्हेंबर
दिवसभर दादाशी बोलले नव्हते. आईने त्याच्यासाठी सुकटीची चटणी, भाकरी केलेली. जेवता जेवता म्हणाला, "मला नाही गं जमत खोटं." म्हटलं, "मग खरं बोलायचं तर स्वतःच्या पैशाने बोल!" आईने डोळे वटारले. तो भाकरी अर्धी टाकून उठला.

१७ नोव्हेंबर
ठाकुर्लीला मैत्रिणीकडे, कृतिकाकडे गेलेले. ती कस्टमच्या एजंटकडे कामाला आहे. ड्युटीचे कागद बघून म्हणाली, "अगं, इतकी वर्षं बाहेर राहून कायमचा परत आला असता तर बरीच सूट मिळाली असती. पण त्याने इथे लिहून दिलंय – रजेवर आलोय."

रजेवरच आलाय ना बाई तो! आमचं नशीबच फुटकं. तरी पासपोर्टची झेरॉक्स आण म्हणाली, साहेबांना विचारते.

१८ नोव्हेंबर
पासपोर्टात घडी केलेला कागद सापडला. कंपनीचा. काम संपलं, व्हिसा रद्द. तारीख ३० ऑक्टोबर.

दादा गॅलरीत होता. कागद पुढे धरला. खाली रस्त्याकडे बघतच म्हणाला, "कस्टमच्या रांगेत माझ्या मागे आपल्या बिल्डिंगचे विश्राम काका उभे होते गं. नोकरी गेली, कायमचा आलोय, हे त्यांच्यासमोर कसं सांगू? मी घरी पोचायच्या आधी आईला कळलं असतं."

आई आतून ओरडली, "अगं, विचार त्याला, परत जाताना चटणी किती बांधू?"