डाव्या स्प्रिंगखालची चकती

आबा,

तुमचं वर्कशॉप गेल्या महिन्यात रिकामं करून दिलं. दिवसभर उभी राहून एकेक हत्यार भंगारात जाताना पाहिलं. तुमचा ओळंबा तेवढा बाजूला काढला आणि मग त्याचं काय करायचं ते सुचेना. हल्ली मी लवकर दमते. कॉलेजात पोरी अजून माझ्या चपलांचा आवाज आला की गप्प होतात, पण घरी आल्यावर चहा करायचाही कंटाळा येतो. त्या गाडीच्या प्रकरणाला आता तेरा वर्षं झाली. तुम्हाला जाऊन सात.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची ती क्रीम रंगाची विलायती गाडी, दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी. मी त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवत होते, पाचव्या वर्षीही तात्पुरती, आणि मला कायम करण्याच्या कागदावर सही त्यांची व्हायची होती. गाडी उभ्या उभ्या डावीकडे झुकायची आणि ब्रेक मारला की डावीकडेच ओढायची. दोन गॅरेजवाल्यांनी स्प्रिंग बसली म्हणून सांगितलं होतं. "मॅडमचे वडील अशा गाड्यांचे जुने मिस्त्री आहेत ना?" असं म्हणून साहेबांनी ती उद्यमनगरात तुमच्याकडे पाठवली, आणि मला वाटलं, आता आपलं काम झालं.

तुम्हाला मात्र घाई नाही. रविवार आहे, मी डबा घेऊन आलेय. तुम्ही चारी चाकांची हवा बघता, डिकीतलं सामान काढता, गवंड्यासारखी पाण्याची नळी धरून वर्कशॉपचा कोबाच सपाट आहे का ते तपासता. मग डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे. "खोट स्प्रिंगात असंल तर आता उजवीकडं झुकंल की." गाडी जॅकवरून उतरते आणि परत डावीकडेच झुकते. तुम्ही हसता, जेवायचं सोडून ओळंबा घेता. चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, चार ठिकाणांहून तो खाली सोडायचा, कोब्यावर खडूने फुल्या मारायच्या, गाडी ढकलून बाजूला करायची आणि फुल्यांमधून तिरका दोरा धरायचा. दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात होतं. एक तिरकी रेघ दुसरीपेक्षा बोटभर कमी भरली. कर्ण सारखे नाहीत म्हणजे चौकोन वाकडा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ठोकलीया गाडी," तुम्ही म्हणालात. "चासी वाकलीया. वरनं रंग मारून झाकलंय निस्तं. साहेबास्नी सांगाय पायजे."

साहेब चारचौघांत सांगत, आमच्या गाडीला आजवर ओरखडा नाही. त्या आठवड्यात सही होती. मी विचारलं, "आबा, स्प्रिंगखाली काहीतरी घालून सरळ उभी करता येणार नाही?"

"उभी ऱ्हाईल की. वढणं कमी हुईल, पर पळंल तवा थोडं वढंलच. टायर खाईल."

"पण महिनाभर तरी कळणार नाही ना?"

तुम्ही बराच वेळ हात पुसत राहिलात. "गणिताची मास्तरीण तू, आन् मला म्हंतीस ह्यो चौकोन बराबर धर?"

"धरा," मी म्हटलं.

तुम्ही लेथवर चकती कातलीत, कानशीने तिच्या कडा गुळगुळीत केल्यात. खोटं कामही तुम्हाला ओबडधोबड करता आलं नाही. गाडी सरळ उभी राहिली, साहेब खूश झाले, सही झाली. तिसऱ्या महिन्यात डावा टायर एका बाजूने झिजून गेला आणि गाडी पुण्याला नेली. तिथल्या मिस्त्रीला ती चकती लगेच सापडली. मग गावात त्याचीच चर्चा झाली. चहाच्या गाड्यावर शेजारच्या गॅरेजवाल्याने सगळ्यांसमोर हाक मारली, "काय मिस्त्री, स्प्रिंगखाली घालायचं पॅकिंग संपलं का हाय अजून?" मी तिथेच होते. तुम्ही चहा संपवलात, कप खाली ठेवलात, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. जुन्या गाड्यांची माणसं यायची थांबली. शेवटची वर्षं तुम्ही रिक्षांचे शॉकअप बदलत काढलीत.

मी स्वतःला एवढी वर्षं समजावलं, की मी नुसतं विचारलं, हात तुमचे होते. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत, म्हणून तो मिटला असं धरून चालले. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ती लिहायला बसले म्हणून हे कागद काढलेत. ते कुठे पाठवायचे नाहीत, उद्या फाडूनही टाकेन.

गाडी पुण्याहून आली त्या आठवड्यात साहेब स्टाफरूममध्ये आले होते. कायमची ऑर्डर माझ्या कपाटात होती, ती आता कुणी काढून घेणार नव्हतं. ते रागावलेही नव्हते. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या वडिलांनी असं का केलं हो?"

मी म्हटलं, "वय झालंय साहेब त्यांचं. आता नीट दिसत नाही."

आबा, तुम्हाला तेव्हा चष्मासुद्धा लागलेला नव्हता.