एका गोळीपायी दुसरी गेली

प्रिय सायमाताई,

तुला, भाओजींना आणि पुलापलीकडच्या तुमच्या सगळ्या शहरी मंडळींना माझा आणि तुझ्या भावजयीचा, आयलीचा, नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? जावईबापू अजून पाल्यावरच जगतायत का? (त्यांना सांग, नाताळला इकडे आलात तर बटाटे आहेत, उपाशी ठेवणार नाही.) आमच्याकडे सगळं ठीक. बर्फ खिडकीला टेकलंय, सॉनाची चिमणी आता धूर बाहेर सोडते, पूर्वीसारखा माझ्या तोंडावर नाही. माझी पाठही उत्तम आहे, आणि खरं सांगायचं तर सगळा घोटाळा या उत्तम पाठीनेच केला. मला बंदुकांसकट पोलिसांनी धरलं असं तुझ्या कानावर आलंय, असं आयली म्हणाली. साफ खोटं. मला कोणीही धरलेलं नाही. मीच मला धरून दिलं.

तुला माहीत आहे, लोखंडाच्या खाणीने मला पेन्शन दिली आणि पाठ काढून घेतली. या शरदात तर मोजेसुद्धा घालता येईनात. आयली घालून द्यायची, पण ती मुकाट्याने घालणारी बाई नव्हे. प्रत्येक मोज्यामागे एक शेरा. शेवटी एके दिवशी तिने मला जेवणानंतर एक लाल, साखरेत घोळलेली मऊ गोळी दिली आणि मी सकाळपर्यंत ओंडक्यासारखा झोपलो. उठलो आणि मोजे स्वतः घातले. (डावा उलटा होता, पण स्वतः.) गोळी कसली म्हणून विचारलं तर म्हणते, "गांजाची." मी पलंगावर बसलोच. मी, चर्चच्या समितीचा माणूस! ती म्हणाली, "ओरडू नकोस. रस्त्यावरच्या दुकानातून आणलीय, पावतीसकट. आपल्या राज्यात ती दुधाइतकी कायदेशीर आहे." शिवाय ती स्वतः दोन वर्षं बोटांच्या संधिवातासाठी घेतेय. आणि मी इतके दिवस समजत होतो की ती माझ्या विनोदांना हसते.

शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. पाठ सुधारल्याच्या आनंदात मी वेंडेलच्या बंदुका-गळांच्या दुकानात हलकी रायफल घ्यायला गेलो. बाबांची जड वाटायला लागली होती. वेंडेलने सरकारी फॉर्म पुढे सरकवला. मी चष्मा विसरलो होतो, म्हणून तो एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागला. खून केलाय का, फरार आहेस का, सगळं नाही-नाही करत आलो आणि मग त्याने विचारलं, "गांजा घेतोस का?" त्याखाली असंही छापलंय म्हणे, की तुमच्या राज्यात चालत असला तरी देशाच्या कायद्याला चालत नाही. ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हणालो, "एकच. रात्री. लाल."

दुकानात गळ बघणारे लोक गळ बघायचे थांबले. वेंडेलने पेन खाली ठेवलं. "रेइनो, तू हे बोलायला नको होतंस. पण नाही बोलला असतास तर तोही गुन्हाच." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि नुसती नवीन नाही. घरातल्या जुन्या आहेत ना, त्याही तुला ठेवता येत नाहीत." लान्सिंगचं, म्हणजे आपल्या राज्याचं सरकार म्हणतं, खुशाल खा. वॉशिंग्टनचं म्हणतं, खाल्लीस ना, मग बंदूक सोड. कोर्टात यावर भांडणं चालू आहेत म्हणे, पण हरणं काही निकालासाठी थांबत नाहीत. आणि हे ऐकताना मला सारखा माझा दोस्त ऑस्कर आठवत होता, जो बियरच्या खोक्यावर बसून शिकार करतो आणि त्या खोक्यातलं काहीही परत आणत नाही. त्याने तोफ ठेवली तरी कोणी विचारणार नाही.

गोळी सोडावी म्हणून दोन रात्री प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी कण्हत कण्हत उठलो तेव्हा आयली मोजे घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचे शेरे बघूनच ठरवलं, बंदुका जाऊ देत. तिच्या नावावर ठेवाव्यात तर तीही गोळीवाली. म्हणून सगळ्या ट्रकमध्ये घालून ऑस्करकडे गेलो. त्याने ट्रक पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "आत आणू नकोस," तो म्हणाला. "का?" "माझ्या खांद्याला... हिरवी. सफरचंदाची." पन्नास वर्षांची मैत्री, ताई, आणि मला सांगितलं नाही! नंतर आम्ही दोघं पायरीवर बसून ओळखीच्या माणसांपैकी कोण राहिलं याचा विचार करू लागलो. बराच वेळ झाला. शेवटी दोघांच्याही तोंडून एकदमच नाव निघालं आणि दोघांनीही डोळे मिटले. हेल्मी.

हेल्मी म्हणजे आयलीची थोरली बहीण. ऍस्पिरिनलासुद्धा नशा म्हणते. माझ्या हरणाच्या सॉसेजला तिने भर लग्नात "बुटाचा तळवा" म्हटल्यापासून आमचं बोलणं हवापाण्यापुरतं. दार उघडून तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आख्ख्या खानदानात शुद्धीवर मी एकटीच." बंदुका कपाटात ठेवल्या, कुलूप काढलं, किल्ली गळ्यात घातली. कुलूप लागायच्या आत मी बाबांच्या रायफलीच्या दस्त्यावर हात ठेवला. बाबांचा अंगठा घासून तिथे खळगा पडलाय, आठवतो ना तुला? मला वाईट वाटलं, हे लिहायला लाज कसली. हेल्मीने ते पाहिलं आणि विचारलं, "हिच्यात गोळी कुठून घालतात?"

मी तोंडाने शिकवलं. हात लावायची सोय नव्हती. दगडांच्या खाणीत डबे ठेवून ती नेम धरायची आणि मी हात खिशात घालून ओरडायचो, "खांदा! खांद्याला टेकव!" ती म्हणायची, "ओरडू नकोस, नशेबाज." डबे मात्र पडत होते. मोसमाच्या पहिल्या सकाळी माझ्या मचाणावर, माझ्या जागेवर ती बसली आणि मी थर्मास धरून मागे. उजाडलं, आणि देवदारांच्या कडेने तो आला. दहा टोकांची शिंगं. ताई, इतक्या वर्षांत मला असा दिसला नव्हता. माझ्या हाताची बोटं आपोआप वळली. हेल्मीने नेम धरला. मी तिच्या कानाशी म्हणालो, "श्वास सोड. घाई नको." तिने श्वास सोडला. बार झाला. नर जागच्या जागी कोसळला.

ती रडायला लागली. मग हसायला लागली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही एकदम. आणि मला हेवा वाटायला हवा होता, तो वाटेना. ओढून आणताना पाठ एकदाही दुखली नाही. वेंडेलच्या भिंतीवर आता तिचा फोटो आहे. कडेला थर्मास धरलेला एक हात दिसतो, तो माझा. सॉसेज या वर्षी तिने माझ्याकडूनच करून घेतले आणि तीन खाल्ले. काही म्हणाली नाही. हेल्मीच्या बाबतीत ही स्तुतीच समज.

बाकी क्षेम. मुलांना पापे, जावईबापूंना बटाटे.

तुझा धाकटा,
रेइनो

ता. क. : पत्राचं खरं कारण सांगायचं राहिलं. नर ओढल्यापासून हेल्मीचा गुडघा धरलाय. काल तिने आयलीला अगदी सहज विचारलं, "ते लाल की हिरवं, कुठलं बरं?" ताई, ती तुझं ऐकते. तिला ताबडतोब फोन कर आणि सांग की गोळ्या कडू असतात, वजन वाढतं, काय वाटेल ते सांग. गुडघ्याला लावायला एखादं चांगलं मलम पाठव. मोठी डबी.

ता. क. २ : मलम राहू दे. आत्ताच आयली तिच्याकडून आली. हेल्मी भर दुपारी सोफ्यावर पडून वेंडेलच्या भिंतीवरच्या फोटोची आठवण काढून एकटीच हसतेय. तूही रात्री एखादी लाल-हिरवी घेतेस का, ते विचारत नाही. फक्त एवढंच कळव : तुझ्या कपाटाला कुलूप आहे ना?