सकाळचा वाचक

दि. ४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
बॉबिनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पोचले. फोनवर आपण दोघेही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो, तेव्हा हा पत्रांचा मार्गच बरा.

माझी प्रकृती ठीक आहे. कार्यालयात यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासण्याचे काम चालू आहे. माझे टेबल प्रिंटरला लागून असल्यामुळे दिवसभरात माझ्याशी जे काही बोलले जाते, ते बहुतेक ‘कागद अडकलाय’ एवढेच. त्यावर मी उठते, कागद काढते आणि पुन्हा बसते. दादाने विचारले होते की कोणी मैत्रीण झाली का. त्याला सांगावे की चौकशी चालू आहे.

संध्याकाळी खोलीवर आले की माझा ब्लॉग असतो. गेल्या महिन्यात मी एक जुना कीबोर्ड उघडला, त्याच्या कळा कोमट पाण्यात धुऊन खिडकीत वाळवल्या, आणि त्यावर सविस्तर लेख लिहिला. कोणीही वाचला नाही, असे लिहिणार होते. पण तसे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाने वाचला.

या उन्हाळ्यात मी ब्लॉगला भेटींची नोंद ठेवणारी सोय जोडली. तीत फक्त वेळ आणि उघडलेले पान एवढेच दिसते. रोज सकाळी, मी केस विंचरत असते त्या सुमारास, कोणीतरी येते, सर्वांत वरचा लेख उघडते आणि निघून जाते. बाकी दिवसभर सामसूम. वर्ष संपेतो कोणी वाचक मिळाला नाही, तर हा उद्योग बंद करायचा, असे मी मनाशी ठरवले होते. आता तसे करवत नाही. कोणी आपल्या दारात रोज सकाळी येत असताना दाराला कुलूप कसे लावावे?

तो कोण असेल याचा मी फार विचार करते. चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे कोणी वयस्कर गृहस्थ असावेत, असे वाटते. हल्ली लिहिताना त्यांना कळेल ना, हे पाहूनच वाक्य पुरे करते.

डोळ्यांना ताण देऊ नये. काळ्या कापडावरची शिवण दिवसाउजेडीच करावी. माझ्यावरचा जीव आहे तसाच ठेवावा.

तुमची,
बॉबिन

दि. १३ ऑगस्ट

चि. बॉबिन हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. रोज यायचं, एक शब्द न बोलता जायचं, म्हणजे हा वाचक अगदी तुझ्याच वळणाचा दिसतो. लग्नाचा असेल तर आधी मापं पाठव, कोट शिवायला वेळ लागतो. चेष्टा केली, रागावू नकोस. लिखाण थांबवू नकोस म्हणजे झालं.

इकडे घरापुढच्या दुकानात काम बरं आहे. शाळांचे गणवेश संपले, आता उसवलेलं आणि घट्ट झालेलं येतं. लोक म्हणतात कापड आटलं. मी बरं म्हणतो आणि कंबर सैल करून देतो.

एक विचारायचं आहे. तुझी खोली रिकामी खायला उठते. समोरच्या दवाखान्यात एक नर्सबाई लागली आहे, तिला जागा हवी आहे. दादाही फोनवर म्हणाला, देऊन टाका, घरात माणसाचा आवाज तरी राहील. पण टेबलाखाली तुझी ती कॉम्प्युटरची पेटी आहे. त्यावर तू चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे, ‘कृपया बंद करू नये’. मी केलेली नाही. वीज गेली की ती गप्प होते, आली की मी जाऊन बटण दाबतो. हिरवा दिवा लागला की परत शिलाईला बसतो. सकाळी माझा चहा होतो तेव्हा ती एकदा घरघरते, मग शांत.

इस्त्री आणि ती एकदम चालवली की फ्यूज उडतो. म्हणून इस्त्री मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत टाकतो. तो लाँड्रीवाला गिऱ्हाइकांसमोर विचारतो, की शिंप्याच्या घरची इस्त्री काय माहेरी गेली का. म्हातारपणी ऐकून घ्यावं लागतं.

पण रात्रपाळी करून आलेल्या बाईला घरघर चालायची नाही. पेटीचं काय करू ते कळव. जेवत जा. आमचा आशीर्वाद उसवणाऱ्यातला नाही.

तुझा,
बाबा

दि. २१ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

खोली नर्सबाईंना अवश्य द्यावी. त्या पेटीचे मी साफ विसरून गेले होते. इकडे येण्यापूर्वीच ब्लॉग मी इंटरनेटवर भाड्याच्या जागेत हलवला आहे. पेटीत आता कामाचे काही नाही. बंद करून भंगारात द्यावी. इस्त्रीही घरी येऊ द्या.

माझ्याकडची बातमी अशी, की मी धाडस केले. नव्या लेखाच्या शेवटी माझ्या वाचकाला उद्देशून लिहिले: आपण कोण ते सांगितले नाही तरी चालेल, लेख समजतो का, एवढे एका शब्दात कळवावे. तीन ओळी लिहायला माझा सबंध रविवार गेला. दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या वेळी आले, लेख उघडला आणि गेले. उत्तर नाही. मला राग आला नाही. शाळेत पहिला क्रमांक आल्यावर बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले होते आणि मी रडले होते, ते तुम्हाला आठवत असेल. त्यांचेही तसेच काही असेल.

घरमालकीणबाई परवा म्हणाल्या, की मी खोलीत आहे की नाही हेच त्यांना कळत नाही. त्यांनी ते कौतुकाने म्हटले.

मायेत अंतर पडू देऊ नये.

तुमची,
बॉबिन

दि. ३० ऑगस्ट

चि. बॉबिन हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पंचवीस तारखेला आलं, त्याच दिवशी पेटी बंद केली. हिरवा दिवा गेला तेव्हा उगाच इकडेतिकडे पाहिलं. भंगारवाला अजून फिरकला नाही, तोवर ती जिन्याखाली झाकून ठेवली आहे.

नर्सबाई आली. भली आहे, पण घरी असते तेव्हा झोपलेली असते. दादाला सांग, माणसाचा आवाज आला, घोरण्याचा.

इस्त्री घरी करतो आहे. विशेष काही नाही.

तुझा,
बाबा

दि. ९ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडले आहे.

माझा वाचक येईनासा झाला. आधी वाटले, मी प्रश्न विचारून त्यांना अवघडवले. प्रश्न काढून टाकला. मग वाटले, आजारी असतील. रोज केस विंचरण्यापूर्वीच नोंद उघडून बसू लागले. शेवटी ते कोणत्या दिवसापासून आले नाहीत, हे शोधले, तर तो तुम्ही पेटी बंद केल्याचा दुसराच दिवस निघाला.

बाबा, तो वाचक म्हणजे मीच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम होता. भाड्याच्या नव्या जागेचा मला भरवसा नव्हता. ब्लॉग चालू आहे ना, हे कोणीतरी पाहत राहावे, म्हणून निघण्याच्या गडबडीत तो मी पेटीत बसवला. पेटी सुरू झाली की एकदा, आणि मग रोज सकाळी, त्याने सर्वांत वरचे पान उघडायचे. उघडले नाही तरच मला कळवायचे. ते नेहमीच उघडले, म्हणून त्याने कधी काही कळवले नाही, आणि मीही त्याला विसरले. मी ज्याला लेख समजतो का असे विचारत होते, त्याने दोन वर्षांत एक अक्षर वाचलेले नाही.

आधी खूप हसू आले. मग खोलीत हसणारी मी एकटीच आहे, हे लक्षात आले.

महिनाअखेर ब्लॉग बंद करीन. एक मात्र विचारायचे आहे. नोंदीत काही सकाळी तो आलेला नाही, पण त्याच दिवशी उशिरा आला आहे. वीज गेल्यावर ती पेटी आपोआप सुरू होत नाही. तुमचे आधीचे पत्र काढून पुन्हा वाचले. दोन वर्षे लाँड्रीवाल्याचे बोलणे ऐकून घेऊन तुम्ही ते बटण दाबत राहिलात, ते कशासाठी?

लोभ कमी करू नये.

तुमची,
बॉबिन

दि. १८ सप्टेंबर

चि. बॉबिन हिस,
अ. उ. आ. वि. वि.

कशासाठी काय? जाताना तूच म्हणालीस, बाबा, हे बंद पडलं तर माझ्या ब्लॉगचं काही खरं नाही. मला वाटलं, तुझं सगळं लिखाण त्या पेटीत आहे. वीज गेली की म्हणायचो, पोरगी तिकडे अर्ध्या वाक्यावर अडकली असेल, आणि शिलाई टाकून उठायचो. आता कळलं की वेड्यासारखा उठत होतो. नर्सबाईला सांगितलं तर ती हसली, मग चहा करून दिला.

तुझं लिखाण मला वाचता येत नाही. फोनवर ती अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी केली तरी तारा आणि कळा मला काय कळणार? पण हिरवा दिवा दिसला की वाटायचं, चाललंय तिचं. आई गेल्यापासून घरात चालू असलेलं तेवढंच होतं.

तर आता असं केलं आहे. पेटी दुकानात आणून कटिंगच्या टेबलाखाली ठेवली. इंटरनेटची तार दुकानापर्यंत आहेच. रात्री आत जाताना दुकानाचा मेन स्विच बंद करतो, सकाळी दुकान उघडलं की बटण दाबीन. वाचक पूर्वीपेक्षा थोडा उशिरा येईल. शिंप्याच्या दुकानातून येतो म्हणून त्याला कमी लेखू नकोस. फ्यूज तोच, म्हणून इस्त्री पुन्हा लाँड्रीत टाकली आहे. लाँड्रीवाला खूश आहे, म्हणाला, गेली वाटतं परत माहेरी.

बंद करायचा का ते तू ठरव. मी उघडणार.

तुझा,
बाबा

दि. ७ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
बॉबिनचा सा. न. वि. वि.

वाचक येतो आहे. मी बसमध्ये असते तेव्हा येतो. ब्लॉग बंद केलेला नाही. तुमच्या मशीनवरचा दोरा का तुटतो, यावर या आठवड्यात लिहिले. त्याला तेही कळणार नाही, पण तो ज्या टेबलाखाली बसतो तिथे ते चालेल, असे वाटले.

मंगळवारी तो आला नाही. बसमध्ये पाहिले, कार्यालयात पाहिले. कागद अडकल्याचे तिघांनी येऊन सांगितले; मी उठले नाही. तुमचा फोन वाजत राहिला. नर्सबाईंचा क्रमांक मी कधी विचारलाच नव्हता. डबा उघडलाच नाही. दिवे लागण्याच्या वेळी तो आला, पान उघडले आणि गेला. मी प्रिंटरकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडची एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, की अगं, कागद अडकलेला नाहीये. मी म्हटले, माहीत आहे.

त्या दिवशी तुम्ही कुठे गेला होतात, ते सांगायचे नसेल तर सांगू नये. नर्सबाईंचा क्रमांक मात्र कळवावा.

लोभ आहेच. रोज बटण दाबीत असावे, ही विनंती.

तुमची,
बॉबिन