चिनी वैद्यबाईंचा प्रश्न

कलकत्ता, १२ डिसेंबर १९५८

ती. आईस, धानोरा,

वाकून नमस्कार. आम्ही दोघे इथे सुखात आहोत. बाबांचा खोकला गेला का?

परवा माझे डोके फार दुखले, म्हणून हे मला शेजारच्या चिनी वैद्यबाईंकडे घेऊन गेले. हाताचा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा दाबली किंवा तिथे बारीक सुई टोचली की डोकेदुखी थांबते म्हणे. पण हात धरण्याआधी त्यांनी विचारले, "दिवस राहिले आहेत का?"

गेल्या वर्षी पोट पडल्यापासून मी भीतीने कोणालाच सांगितले नव्हते. हळूच हो म्हणाले.

"मग ही जागा दाबायची नाही, सुईही नाही, गर्भाला धोका असतो," असे म्हणून त्यांनी नुसते कपाळ चोळून दिले.

"काय सांगी ऱ्हायनी तू!" हे दारातूनच आनंदाने ओरडले.

आई, तिसरा महिना आहे. बाळंतपणाला न्यायला दोधूदादाला पाठवशील ना?

तुझी लेक,
सुगंधा