लाउडस्पीकरची घरघर

धाराशिव, मार्गशीर्ष १९४७, मंगळवार संध्याकाळ

लाउडस्पीकरच्या यंत्रातला आवाज वाढवणारा काचेचा व्हॉल्व्ह गेलाय. दुरुस्तीवाल्या मकबूलनं आताच नक्की सांगितलं. उद्या अणदूरच्या जत्रेत उस्ताद दस्तगीरमियांचं गाणं, आणि यंत्रातून नुसती घरघर.

तापानं उस्तादांचा आवाज बसलाय. यंत्राशिवाय पोचणार नाही. दर वर्षी ते खंडोबापुढं गातात. यंदाच्या दंग्यांच्या गढूळ दिवसांत गायले नाहीत, तर हिंदू म्हणतील रुसले, मुसलमान म्हणतील अडवलं. अशा अफवेचं पुढं काय होतं, हे मी बातम्या लिहून लिहून जाणतो.

सोलापूरहून नवं यंत्र आणावं? संस्थानच्या हद्दीवर, तामलवाडीच्या करोडगिरी जकातनाक्यावर सध्या सगळंच सामान अडवतात. अडकलं तर?

मकबूल म्हणाला, "उस्ताद, तुमचा गळा आन् यंत्राचा, दोन्ही संगंच बसले बघा."

"माझ्या गळ्याला हकीम हाय. तू तुझं बघ."

मग मकबूल माझ्या रेडिओकडं बघायला लागला. त्यातला व्हॉल्व्ह ह्यात चालतो म्हणे. रेडिओ मुका झाला तर रात्रीच्या बातम्या कुठून? उद्या वर्तमानपत्राला काय धाडू? मग म्हटलं, काढ.

बसवला. घरघर कमी झाली, गेली नाही.

"टिकंल का?" मी विचारलं.

"दोन गाणी टिकंल. म्होरं अल्ला आन् खंडोबा."

पहाटे यंत्र गाडीत घालून तिघं निघू. दोनच गाणी म्हणायचं उस्तादांनी कबूल केलंय. पण रंगात आल्यावर ते कधी थांबलेत?