चतकोर टॉर्टिया आणि न बोलणारी यारेत्सी

मंगळवार, ८ ऑक्टोबर
आजपासून फळ्यावरचे अपूर्णांक बंद. मुलांनी टॉर्टिया, म्हणजे मक्याची गोल पोळी, हातात घ्यावी, फाडावी, शिकावं. तीन गट केले: इंग्रजी येणाऱ्यांचा, स्पॅनिश येणाऱ्यांचा, दोन्हींत अडखळणाऱ्यांचा. ज्याला जे झेपेल ते. प्रिन्सिपल सामारिपा मॅडमनी प्लॅन पाहिला आणि विचारलं, तुमची स्पॅनिश कशी आहे? म्हटलं, घरचीच. वडील घरात ती बोलू देत नसत ते सोडा. कानावर पडलेलं जातं कुठे?

बुधवार, ९
टॉर्टिया वाटल्या. इंग्रजी गटाने चतकोर करायच्या आतच खाऊन टाकल्या. पुढच्या वेळी जेवणानंतर.
सीमेवरच्या पुलापलीकडून आलेली यारेत्सी महिना झाला तरी एक शब्द बोललेली नाही. समोरच्या वर्गाच्या एलोदियाबाईंना काळजी वाटते. त्यांना समजावलं, मुलं आधी नुसती ऐकून साठवतात, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. पोरगी माझा शब्द न् शब्द साठवतेय.

मंगळवार, १५
पुठ्ठ्याच्या टॉर्टिया. कोणी खात नाही. स्पॅनिश गटाला सांगितलं, आपापला 'क्वार्तो' शोधा. क्वार्तो म्हणजे चतकोर. खोलीलाही तेच म्हणतात, मान्य, पण मागचापुढचा संदर्भ बघायला नको? अख्खा गट वर्गाबाहेर. लायब्ररीत सापडले.
यारेत्सी तेवढी जागेवर, हातात न कापलेला गोल. विचार करत असणार.

गुरुवार, १७
मॅडमनी बोलावलं. यारेत्सीची तपासणी करायची, बहुतेक विशेष मुलांच्या वेगळ्या वर्गात पाठवायचं. मुलीत काही कमी नाही, मी सही करणार नाही, असं ठणकावून सांगणार होतो. थोडा वेळ द्या म्हणालो. पुढच्या शुक्रवारपर्यंत दिला.
निश्चय: तिच्याशी रोज बोलायचं. फक्त स्पॅनिशमध्ये.

सोमवार, २१
डबा खाताना तिच्या शेजारी बसतो. घर कसं आहे? मान हलवते. आई काय करते? मान हलवते. प्रगती आहे. बाजूच्या मुली तोंड लपवून हसत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही सर, छान बोलता.

शुक्रवार, २५. दुपारी
यारेत्सीची आई आली, लाँड्रीतून तशीच, हात अजून ओले. मी तिला सगळी पद्धत स्पॅनिशमध्ये नीट समजावली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एलोदियाबाईंना बोलवाल का विचारलं. बाई आल्या. माझी स्पॅनिश तिला स्पॅनिशमध्ये सांगू लागल्या.
आई आधी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "घरी झोपेपर्यंत तोंड मिटत नाही हो हिचं. वर्गात काय चाललंय कळतच नाही म्हणते. मी म्हटलं, मग विचार ना सरांना. तर म्हणते, नको, सर इतकं मनापासून बोलतात, त्यांना वाईट वाटेल."
मी काहीतरी म्हणालो. कुठल्या भाषेत, आठवत नाही.

सोमवार, २८
तपासणी रद्द. यारेत्सी एलोदियाबाईंच्या वर्गात. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांच्याच दृष्टीने बरं. मीही हो म्हणालो. स्पॅनिश गटाची रचना नव्याने करायला हवी. केली नाही.
सकाळी गुणाकार चालू असताना समोरच्या वर्गातून कुणाची तरी बडबड. बारीक आवाज, भरभर, थांबायचं नाव नाही. वैतागून मुलांना विचारलं, कोण आहे ते?
मुलं म्हणाली, सर, ती यारेत्सी.
दार लावायला उठलो होतो. लावलं नाही.