एका मारात तीन गाठी

प्रिय ठोंब्या,

या नावाने तुला हाक मारणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा रागावू नकोस. परवा हलणारी दाढ दाखवायला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगी माझ्या सुनेच्या वयाची. माझ्या डाव्या जबड्यावरच्या त्या जुन्या गाठीवरून बोट फिरवत तिने विचारलं, आजी, इथे कधी मार लागला होता का? मी म्हटलं, बाई गं, कुठला सांगू?

पण सांगितला तोच. मी शाळेतून आले होते, निळी रिबन अजून वेणीत होती. ताट वाढायला उशीर झाला म्हणून बाबांनी माझे केस मुठीत धरले आणि तोंड मोरीच्या कठड्यावर आपटलं. दात ओठातून आरपार गेला. आई दारातून म्हणत राहिली, अहो, पोरीच्या जातीला तोंडावर नको. म्हणजे पाठीवर चालेल! दुसऱ्या दिवशी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने विचारलं तेव्हा मी सफाईदार इंग्रजीत जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. तिने माझ्या उच्चारांचं कौतुक केलं.

पुढे त्या बाजूच्या जबड्यावर गाठ धरली, आणि ती माझ्याआधी तूच मनाला लावून घेतलीस. तुला मिसरूड फुटत होतं. बाबांनी पुन्हा माझ्यावर हात उगारला आणि तू खलातला लोखंडी बत्ता उचललास. ओली फांदी मोडावी तसा त्यांच्या मनगटाचा आवाज झाला. ते पडले तरी तू थांबेनास. ताईच्या गालावर बघ, तुझीच सही आहे ती, असं ओरडत मारत होतास. मी कमरेला मिठी घालून तुला मागे ओढलं, तेव्हा तुझ्या सदऱ्यावरचं रक्त माझ्या तोंडाला लागलं. त्याच संध्याकाळी तू घर सोडलंस. बाबा गेले तेव्हाही आला नाहीस. शेवटी त्यांच्या पोटातून सारखं रक्त जायचं. गल्ली म्हणाली, केलेलं फेडतोय. मीही तेच म्हणाले.

तर त्या पोरीने सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर पांढऱ्याशुभ्र गोळ्या, एक डावीकडे आणि दोन उजवीकडे, जिथे मला कधी काही लागलंच नव्हतं. तिने तुकडा काढून तपासायला पाठवला. निव्वळ हाड निघालं, कर्करोग नाही. मी पर्स उचलली, तर म्हणाली, बसा आजी. एका मारात दोन्ही बाजूंना तीन गाठी होत नाहीत. असं हाड जबड्यात जागोजागी उगवलं की आम्ही आतडी बघतो. हे रक्तातून येतं. घरात कुणी पोटाच्या रोगाने गेलंय का?

माझ्या आतड्यात कोंबांचे, ती पॉलिप म्हणते त्यांचे, झुबके सापडले आहेत. अजून बिघडलेले नाहीत, पण पुढे त्यांचा कर्करोग होतोच म्हणे. सोमवारी ऑपरेशन आहे. सही बाबांचीच निघाली रे, फक्त हाताने केलेली नव्हती.

तुझा भांग पाडताना मी तुझी हनुवटी धरायचे, आठवतं? उजव्या कानाखाली लिमलेटच्या गोळीएवढं टणक काहीतरी लागायचं. तू म्हणायचास, नंतर चघळायला ठेवलीय. तीही आपण बाबांच्या माराच्याच खात्यावर टाकली होती. आज आरशासमोर उभा राहा आणि तिथे बोट लाव. असेल, तर उद्याच पोट तपासून घे, पोरांचंही. बाबा अजून आपल्या आत आहेत, ठोंब्या, आणि या वेळी बत्ता चालणार नाही.

कमरेला घातलेली मिठी अजून न सोडलेली,
तुझीच,
ताई